पोटावरचा शिक्का

दुरुस्तीला आलेलं घड्याळ गिऱ्हाईक काउंटरवर तबकडी वर करून ठेवतं. खेळण्यातली जुनी आगगाडी आणणाराही ती तशीच ठेवतो, चाकं खाली आणि धुराडं वर. मी दोन्ही वस्तू हातात घेतल्या की आधी उलट्या करतो. घड्याळाच्या तबकडीवर दुकानदाराचं नाव असू शकतं, बनवणाऱ्याचं नाव आतल्या प्लेटवर सापडतं. गाडीचंही तसंच. वरचा रंग कोणीही देऊ शकतो, डब्यावर कुठल्याही रेल्वे कंपनीची अक्षरं काढू शकतो. पोटावरच्या शिक्क्याच्या वाटेला मात्र सहसा कोणी जात नाही.

भंडाऱ्याच्या बडा बाजारात आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान वडिलांपासूनचं. एचएमटी, वेस्ट एंड, फेवरलुबा आणि लग्नात आहेर म्हणून आलेली गजराची घड्याळं, यांवर घर चाललं. पुढे क्वार्ट्झची घड्याळं आली आणि घड्याळजीच्या हातात सेल बदलण्याखेरीज फारसं काही उरलं नाही. दुपारी दुकानात माश्या मारत बसण्याचे ते दिवस होते. अशा एका दुपारी भंगाराचा धंदा करणारा ओळखीचा पोरगा चावीचं इंजिन घेऊन आला. कामठीच्या छावणीतल्या कुठल्याशा जुन्या बंगल्यातलं सामान विकलं गेलं होतं, त्यातलं.

"काका, चावी फिरते, पन गाडी हालत नाही जी. पाहून देता का?"

पाहून दिलं. तो म्हणाला तेवढे पैसे त्याला दिले आणि इंजिन ठेवून घेतलं. तेव्हापासून घरात आणि दुकानात आगगाड्या जमत गेल्या. बायकोच्या मते हे सगळं रिकामपणचं काम आहे. तिचं म्हणणं मी खोडून काढलेलं नाही.

भंडाऱ्यासारख्या गावात विलायती आगगाड्या आल्या कुठून, असं पाहुणे विचारतात. उत्तर आमच्या जिल्ह्याच्या नकाशातच आहे. नागपूरहून राजनांदगावला मीटरगेज लाइन १८८२ च्या सुमारास सुरू झाली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिनं ती घेतली आणि ब्रॉडगेज केली. वरठीचं भंडारा रोड आणि देव्हाडीचं तुमसर रोड ही स्टेशनं याच लाइनवरची. तुमसर रोडहून एक फाटा गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत तिरोडीकडे जातो, तो मँगनीजसाठी. चिखला, डोंगरीच्या खाणी तेव्हा ब्रिटिश कंपनीच्या होत्या. १९६२ मध्ये मॉईल ही खाणकंपनी झाली. शिवाय १९९९ पर्यंत गोंदियाही आमच्याच जिल्ह्यात होतं, आणि गोंदिया म्हणजे तेव्हा सातपुड्यातल्या नॅरोगेज जाळ्याचं मोठं जंक्शन. रेल्वेचे गोरे आणि अँग्लो-इंडियन अधिकारी, खाणींचे मॅनेजर, कामठीचे फौजी अशी माणसं या पट्ट्यात दोन-तीन पिढ्या राहिली. त्यांच्या मुलांची खेळणी बोटीनं आली, आणि साहेब परत जाताना सगळीच काही बरोबर गेली नाहीत. माझ्याकडच्या गाड्या कोणाच्या घरून आल्या ते विचारत मागे गेलं की दोन पायऱ्यांवर एखादा खानसामा, हेडक्लार्क नाही तर स्टोअरकीपर भेटतोच.

आता त्या पहिल्या इंजिनाविषयी. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचं हॉर्नबी, ओ गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर ३२ मिलिमीटर. वरचं पत्र्याचं घर काढलं की दोन प्लेटांमध्ये बसवलेली चावीची यंत्रणा सुटी निघते. घड्याळजीला ती पाहून आधी हसू येतं. घड्याळात मेन स्प्रिंगची ताकद थेंब थेंब सोडायची असते. सगळी कारागिरी त्या अडवणुकीत. इथे अडवणूकच नाही. स्प्रिंग सुटली की चार चक्रांतून ताकद थेट चाकांवर. मागे किती डबे लावलेत, त्यावर वेग. इंजिन रिकामं सोडलं तर भिंतीवर आपटेपर्यंत पळतं. ड्रायव्हर उभा राहतो त्या जागेतून दोन बारीक काड्या बाहेर आलेल्या असतात, एक ब्रेकची आणि एक पुढे-मागे करण्याची. इतक्या साध्या यंत्रात मुलाला हवं ते सगळं बसवलेलं आहे.

गाडी हलत नव्हती त्याला कारण होतं खोबरेल तेल. आमच्याकडे शिवणयंत्राला, दाराच्या बिजागरीला, सायकलच्या चेनला घरात असेल ते तेल घालतात. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. भंडाऱ्याच्या पौषात ते पांढरं होऊन बसतं, उन्हाळ्यात परत पातळ होतं, धूळ ओढतं, आणि अशी वर्षं गेली की चक्रांच्या दातांत तपकिरी राळ तयार होते. ती पेट्रोलमध्ये भिजत घालायची आणि बारीक ब्रशनं दातादातांतून काढायची. पण त्याआधी स्प्रिंग पूर्ण उतरवावी लागते. खटका चिमट्यानं उचलून, चावी हातात घट्ट धरून, अर्धा अर्धा फेरा सोडत. मनगटी घड्याळाची स्प्रिंग निसटली तर टेबलाखाली शोधावी लागते. ओ गेजच्या इंजिनाची निसटली तर बोटाला टाके पडतात.

काम संपवून पोट पाहिलं तेव्हा शिक्का दिसला आणि मला कुतूहल वाटलं ते बनवणाऱ्यांचं.

फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलचा कारकून. मुलांसाठी भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्टचं खेळणं त्यानं काढलं, १९०१ मध्ये पेटंट घेतलं, तेच पुढे मेकॅनो. १९२० मध्ये त्याच कारखान्यानं गाड्या काढल्या, आणि त्या सुरुवातीच्या गाड्यांत मेकॅनोची सवय दिसते: इंजिनही नटबोल्टनं जोडलेलं, पोरानं खोलून परत जोडावं म्हणून. पुढे खर्च वाचवायला पत्र्याच्या जिभा आल्या. एका पत्र्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेतून काढायची आणि वाकवायची, झालं. या जिभा म्हणजे माझ्या धंद्यातली रोजची धास्ती. कारखान्यात ती एकदा वाकली. मी दुरुस्तीसाठी सरळ केली, परत वाकवली. पुढच्या दुरुस्तीला ती तुटणार, हे मला आज माहीत असतं. म्हणून जीभ शक्यतो उघडायचीच नाही, खिडकीतून चिमटा घालून भागतं का ते आधी पाहायचं.

रंगाचंही वाचन असतं. काही गाड्यांचा पत्रा सपाट असतानाच छापलेला असतो, खिडक्या, दारं, अक्षरं सगळं. मग तो कापून वाकवलेला. तिथे रंग घडीवरून सलग जातो आणि जिभेवरही दिसतो. जोडून झाल्यावर रंग दिलेली गाडी असेल तर सांध्याच्या फटीत रंग साचतो आणि जिभेच्या आत कोरा पत्रा राहतो. भिंग लावून सांधा पाहिला की गाडी कारखान्यात रंगली की नंतर कोणी रंगवली, हे पुष्कळदा लगेच कळतं. विकणाऱ्याला ते कळत नाही, घेणाऱ्याला कळतं, आणि या बाजारातला नफा तेवढ्याच फरकावर चालतो. हे मला आवडत नाही, म्हणून माझ्याकडे गाडी विकायला आणणाऱ्याला मी आधी हा सांधा दाखवतो आणि मग भाव बोलतो.

जर्मन गाड्यांचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. एका डब्याच्या पोटावर मला जीबीएन अशी अक्षरं मिळाली. ती न्यूरेंबर्गच्या गेब्रूडर बिंग यांची, म्हणजे बिंग बंधूंची. पहिल्या महायुद्धानंतर हाच शिक्का बदलून बीडब्ल्यू झाला, बिंग वेर्के. एवढ्या दोन-तीन अक्षरांवरून डबा युद्धाच्या अलीकडचा की पलीकडचा ते ठरतं. बिंग हा एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या खेळणी कारखान्यांपैकी एक. मंदीच्या लाटेत १९३२ च्या सुमारास बुडाला आणि त्याच्या गाड्यांचे साचे कार्ल बुब या दुसऱ्या कारखान्याकडे गेले. त्यामुळे साचा बिंगचा आणि शिक्का बुबचा, असेही नमुने असतात.

इंग्लंडमध्ये नॉर्थम्प्टनचा बॅसेट-लोक हा फार नामांकित विक्रेता. बॉयलर बनवणाऱ्या घरातला हा माणूस १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात गेला, तिथे त्याला बिंग आणि मार्कलिन यांच्या गाड्या दिसल्या. त्यानं जर्मन कारखान्यांना इंग्रजी रेल्वे कंपन्यांच्या रंगातल्या गाड्या बनवायला लावल्या आणि त्या आपल्या नावानं विकल्या. बरं, नाव बॅसेट-लोकचं, तर त्या मालावर जर्मनीचंही नाव का आलं? १८८७ मध्ये ब्रिटिश संसदेनं मालखुणांचा कायदा केला. बाहेरचा माल इंग्रजी म्हणून खपू नये, गिऱ्हाइकाला तो ओळखू यावा, हा हेतू. झालं उलटंच. काही वर्षांत जर्मनीचा शिक्का म्हणजे चांगल्या मालाची खूण ठरली. शिक्का मारायला भाग पाडलेल्यांचं नाव त्या शिक्क्यानंच झालं, हे मला फार गमतीचं वाटतं.

मार्कलिनचा नमुना माझ्याकडे एकच आहे, तोही एक मालडबा. गोपिंगेनचं हे घराणं १८५९ चं, मुळात बाहुल्यांच्या स्वयंपाकाची पत्र्याची भांडी करणारं. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी रूळ, सांधे, गाड्या अशी वाढवता येणारी पूर्ण रेल्वे मांडली आणि रुळांची मापं ठरवून दिली. आधी प्रत्येकाचं माप वेगळं असे. आज पुण्यात घेतलेला डबा भंडाऱ्यातल्या रुळावर चालतो, त्याची सुरुवात ही. भांडी करणाऱ्यांनी हे केलं, ही गोष्ट आमच्या गावाच्या दृष्टीनं लक्षात ठेवण्यासारखी. तिच्याकडे परत येतो.

बॅसेट-लोकचा मराठी माणसाशी एक चांदीचा संबंध आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी त्यांच्याकडूनच आली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, माधवराव महाराजांच्या काळात. पाहुण्यांपुढून मद्याच्या सुरया घेऊन ती जाते, आणि सुरई उचलली की थांबते. ती सगळ्यांना ठाऊक आहे. मला कौतुक आहे ते त्याच राजवटीनं ग्वाल्हेरात खरी दोन फुटी नॅरोगेजही बांधली याचं. खेळणं आणि रेल्वे दोन्ही बाळगणारे राजे थोडेच.

जमवणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू गंज, असं लोक समजतात. गंज घासता येतो, थांबवता येतो. ज्याला इलाज नाही तो रोग जस्ताच्या ओतकामाचा. १९३० नंतर चाकं, काही इंजिनांची अंगं जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत ओतायला लागले. या मिश्रणात शिसं किंवा कथील किंचित जरी जास्त गेलं तरी धातू आतून, कणाकणांच्या सीमेवरून फुटत जातो. उष्णता आणि दमट हवेत तो जोर धरतो. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर, आणि पुढे चार महिने तलाव आणि धानाच्या बांध्यांची ओल. याहून वाईट हवामान त्या चाकांना मिळणं कठीण. आधी पृष्ठभागावर केसाएवढी रेघ येते, मग चाक फुगतं, आसावर घट्ट बसतं, आणि एक दिवस चिमट्यात धरलं की बिस्किटासारखा चुरा. अशी चाकं मी फेकत नाही. पाकिटात घालून, कुठल्या गाडीची ते लिहून गाडीबरोबरच ठेवतो, आणि लेथवर पितळेची नवीन करवून घेतो.

इथे भंडाऱ्याचा फायदा होतो. हे गाव पितळी भांड्यांचं. गुंड, गंगाळ, घागरी, परात, तांबे. विदर्भात आणि पलीकडे छत्तीसगडात लग्नाचं भांडं म्हटलं की भंडाऱ्याचं. स्टील आलं, ॲल्युमिनियम आलं, आणि भट्ट्या एकेक करून थंड झाल्या. तरी अजून मूस लावणारी, लेथवर हात बसलेली माणसं आहेत. बत्तीस मिलिमीटरच्या रुळावरचं चाक त्यांच्या दृष्टीनं पोरखेळ. "अंगठीएवढं काम आनता, अन् माप सुताएवढं मांगता," असं म्हणत करून देतात, पैसे घेताना लाजतात.

याच लोकांमुळे मला माझ्या संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू वाचता आली. तिच्यावर शिक्का नाही.

गोबरवाहीकडच्या एका घरातून ते इंजिन आलं. पितळेचं, हातभर लांब, हातात घेतल्यावर मनगट खाली जाईल एवढं वजनदार. चावी नाही, वाफ नाही. दोरी बांधून ओढायचं. पोटावर काही नाही, वर काही नाही. मुंबईच्या एका संग्राहकानं फोटो पाहून सांगितलं, की हे शोभेचं आहे, मॉडेल म्हणून याला किंमत नाही. मी ते कापडात गुंडाळून आमच्या गावातल्या एका जुन्या ओतकाम करणाऱ्या भाऊंकडे नेलं. ऐंशीच्या घरातलं वय, डोळ्याला कमी दिसत होतं. त्यांनी ते मांडीवर घेऊन बोटांनी पाहिलं.

"हे वाळूतलं ओतकाम आहे," ते म्हणाले. "पेटी दोन भागांची होती, हा पाहा जोड." बॉयलरच्या बाजूनं गेलेली केसाएवढी उभार रेघ त्यांनी नखानं दाखवली, मला भिंगातून ती दिसली नव्हती. मग बॉयलरवरच्या घुमटाशी बोट थांबलं. घुमट आटे पाडून बसवलेला होता. त्यांनी तो फिरवून काढला आणि हसले. "हे करंड्याचं झाकन होय. आमच्याकडे असेच करंडे होत." वर एक बारीक बोंडी होती ती कापून, कानस लावून सपाट केलेली. झाकणाच्या आत लेथच्या हत्याराच्या गोल रेघा तशाच होत्या.

चाकांपाशी मात्र तेही घोटाळले. चाकं ओतलेली नव्हती, भरीव चकतीतून खरादलेली होती, आणि चारही चाकांचं पितळ बॉयलरच्या पितळेहून जरा तांबूस. एका चाकाच्या आतल्या अंगाला अर्धवट खरवडला गेलेला छाप होता. दुकानात परत येऊन मी तो जोराच्या भिंगाखाली घेतला. तराजूच्या वजनावर तपासणीचा छाप मारतात, तसा. कोणीतरी नवटाकाची पितळी वजनं घेऊन त्यांची चाकं केली होती. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक वजनं आली आणि पुढच्या काही वर्षांत शेर-छटाक बाद झाले. चालू वजन कोणी दुकानदार फोडायला देत नाही. म्हणजे हे इंजिन साधारण १९६० च्या आगेमागे झालं असावं. बनवणारा भांडी करणारा होता. करंडा त्याच्या हाताशी होता. आणि त्यानं खाणीच्या फाट्यावरचं इंजिन जवळून, पुष्कळदा पाहिलेलं होतं, कारण पाण्याच्या टाकीच्या कडेला असलेली रिव्हेटांची ओळ त्यानं टोच्यानं एकेक ठिपका देऊन काढली आहे आणि एका बाजूला ती जिथे तुटते तिथे शिडीच्या दोन पायऱ्या आहेत. खऱ्या इंजिनाकडे न पाहता हे कोणाला सुचणार नाही.

एवढं सगळं कळलं. नाव नाही कळलं. मेकॅनोच्या कारखान्यातून लाखांनी निघालेल्या गाडीचा बनवणारा, पत्ता, वर्ष, सगळं मला दुकानात बसून सांगता येतं, आणि माझ्या गावापासून एसटीनं दोन तासांच्या आतल्या माणसानं एकच बनवलेल्या गाडीचा बनवणारा सांगता येत नाही. आमचे कारागीर शिक्का मारत नव्हते असं नाही. घागरीच्या काठावर नाव टिंबांनी कोरत, पण ते घेणाऱ्याचं. अमक्याच्या लग्नात तमक्याकडून. बनवणारा त्यात कुठेच नसे.

दुसरं एक भांडण माझं बाहेरच्या संग्राहकांशी आहे. माझ्याकडे एका हॉर्नबी इंजिनाचा टेंडर, म्हणजे मागचा कोळशा-पाण्याचा डबा, आहे. मूळचा एलएमएस या इंग्रजी रेल्वेच्या मरून रंगातला. कोणीतरी त्याच्यावर ब्रशनं पांढऱ्या इनॅमलनं बीएनआर अशी अक्षरं काढली आहेत, बंगाल-नागपूर रेल्वेची. तिरपा उजेड पाडला की खालची जुनी अक्षरं दिसतात. ती पांढरी अक्षरं काढून टाका, भाव दुप्पट होईल, असं मला एकाहून अधिक जाणकारांनी सांगितलं. मी काढणार नाही. कारखान्यानं तसे हजारो केले. नागपूर-बिलासपूरच्या मधल्या कुठल्यातरी क्वार्टरमध्ये बापाची रेल्वे आपल्या खेळण्यावर असावी म्हणून पोरानं नाही तर बापानं ब्रश हातात घेतला, असा हा एकच आहे. त्यातला "एन" जरा घसरला आहे. तो घसरलेलाच राहील.

घड्याळजींची एक जुनी चाल आहे. दुरुस्ती केली की मागच्या झाकणाच्या आत सुईनं तारीख आणि आपली खूण ओढून ठेवायची. शंभर वर्षांच्या घड्याळाच्या झाकणात अशा चार-पाच हातांच्या खुणा सापडतात, आणि कोणी काय करून ठेवलं ते पुढच्याला कळतं. वडील तसं करत. मी गाड्यांत ओरखडा काढत नाही. टेंडरमध्ये किंवा डब्याच्या छताखाली पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी ठेवतो. कोणतं चाक नवीन, कोणी खरादलं, कोणती जीभ परत वाकवली. चाक करणाऱ्याचं नावही लिहितो. तो म्हणतो कशाला, मी लिहितो.

मधूनमधून पुण्याला गेलो की कोथरूडचं जोशी रेल्वे म्युझियम पाहून येतो. भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये उभं केलेलं. तिथे गाड्या काचेत नाहीत, चालतात. अख्खं गाव उभं आहे, सिग्नल पडतात, दिवे लागतात. माझ्यासारख्या एकेका चाकाशी बसणाऱ्याला तो वेगळाच संसार वाटतो. पण तिथे बसून एक गणित डोक्यात पक्कं झालं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. मॉडेलांच्या नेहमीच्या प्रमाणात, म्हणजे सत्त्याऐंशी पट, लहान केला तर रुळांतलं अंतर एकोणीस मिलिमीटरच्या वर यायला हवं. पण त्या प्रमाणातला जगभर मिळणारा रूळ साडेसोळाचा, परदेशी स्टँडर्ड गेजवरून ठरलेला. म्हणून बाजारातलं भारतीय ब्रॉडगेज इंजिन मापात कधीच नीट बसत नाही. आमचा नॅरोगेज मात्र ७६२ मिलिमीटरचा. सत्त्याऐंशीनं भागलं की पावणेनऊ. नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. म्हणजे गोंदिया-जबलपूर, नागपूर-नागभीड या लाइनींची मॉडेलं करायला मापाची अडचणच नाही.

आणि त्याच लाइनी संपल्या. उमरेड, भिवापूर, पवनी रोड करत जाणारी नागभीडची नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेज करण्यासाठी बंद झाली. आमच्या पवनीकडच्या लोकांची ती गाडी. खरी इंजिनं पाहायची तर आता नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय आहे, २००२ पासून. मी तिथे टेप घेऊन जातो. आमच्या लेथवाल्याला एक पितळी नॅरोगेज मालडबा करायला दिला आहे, नऊ मिलिमीटरच्या रुळाचा. पहिला तयार झाला आहे, दुसऱ्याचे आस व्हायचे आहेत. पोटावर त्याचं नाव, भंडारा आणि साल कोरून घेतलं. आधी तो नकोच म्हणत होता. दुसऱ्याच्या वेळी त्यानं विचारलं, अक्षरं जरा मोठी घेऊ का जी.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या आजोळी अशी गाडी असेल तर एवढं करा. चावी सापडली तरी लगेच फिरवू नका; सुकलेल्या तेलात स्प्रिंग ताणली तर तुटते. खोबरेल घालू नका. पत्र्याची असेल तर पाण्यानं धुऊ नका, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा. पितळेची असेल तर चिंच आणि राखेनं घासू नका, जोडाच्या रेघा आणि छाप त्यानं जातात. खोकं फाटकं असलं तरी ठेवा. आणि गाडी विदर्भातल्याच कोणी कासारानं, तांबटानं, रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या कोणी बनवली असं घरात म्हणत असतील, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्याचं नाव आणि गाव विचारा, आणि कागदावर लिहून गाडीच्या आत ठेवा. हे काम या दिवाळीच्या साफसफाईतच उरका.